गोव्यात बार अँड रेस्टॉरंटचा परवाना आणि संगीताची परवानगी : जागा ठरवण्यापासून नूतनीकरणापर्यंत

गोव्यात बार किंवा दारूचे दुकान काढायचे ठरले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी अबकारी खात्याच्या तालुका कार्यालयात जातात आणि अर्जाचा नमुना मागतात. अर्ज मिळतो, शुल्काचा अंदाजही मिळतो आणि आता केवळ सही-शिक्क्याचेच काम उरले आहे असा समज होतो. प्रत्यक्षात अबकारी खाते जे तपासते त्यातील निम्म्याहून अधिक गोष्टी इतर कार्यालयांनी दिलेल्या कागदांवर अवलंबून असतात. जागा कोणाची, इमारत कायदेशीर आहे का, तिचा व्यापारी वापर मान्य आहे का आणि शेजारी शाळा किंवा देऊळ आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे तयार नसतील तर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते आणि दरम्यान रिकाम्या जागेचे भाडे मात्र भरावे लागते. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. प्रथम जागा, नंतर पंचायत किंवा पालिका, त्यानंतर अबकारी आणि सरतेशेवटी संगीत.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. दारूचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ साली स्पष्ट केले आहे. परवाना ही राज्याने अटींसह दिलेली मुभा असते. त्यामुळे ‘शेजारच्याला दिला, मग मला का नाही’ हा युक्तिवाद कार्यालयात फारसा चालत नाही आणि न्यायालयातही तो एकटा टिकत नाही.

कोणता परवाना हवा, हे आधी ठरवा

गोव्यातील दारूविक्रीचे नियमन गोवा, दमण आणि दीव अबकारी शुल्क कायदा, १९६४ आणि त्याखालील नियमांनुसार होते. व्यवहारात सामान्य अर्जदाराला दोन प्रकारांतून निवड करावी लागते. सीलबंद बाटल्यांची किरकोळ विक्री, म्हणजे ज्याला आपण वाइन शॉप म्हणतो ते, हा एक प्रकार. आणि ग्राहकाने जागेवर बसून पिण्यासाठीची विक्री, म्हणजे बार, हा दुसरा. पहिल्या परवान्यावर दुकानात ग्लास ठेवता येत नाही आणि दुकानासमोरच्या बाकावर गिऱ्हाईक बाटली उघडून बसले तर जबाबदारी दुकानदारावरही येते. घाऊक विक्रीचे परवाने वेगळे असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

भारतीय बनावटीची विदेशी दारू, देशी दारू आणि आयात केलेली विदेशी दारू हे वर्गही वेगवेगळे आहेत, आणि जो वर्ग परवान्यावर लिहिलेला नाही तो फळीवर दिसता कामा नये. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली ‘गोव्याचे वारसा पेय’ म्हणून तिची कायद्यात वेगळी ओळख झाली. परंतु याचा अर्थ ओळखीच्या भट्टीवरून कॅनमध्ये आणलेली फेणी किंवा एप्रिल-मे महिन्यांतला हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या ऊर्ध्वपातनाची दारू) बारमध्ये बिनधास्त विकता येतो असा नाही. माल परवानाधारक स्रोताकडूनच आला पाहिजे आणि त्याची पावती फाइलला असली पाहिजे. गावठी मालाबाबत सवयीने दुर्लक्ष होते आणि तपासणीत नेमके तिथेच बोट ठेवले जाते.

शुल्क हे परवान्याचा प्रकार, जागेचे ठिकाण आणि हॉटेल असल्यास त्याचा दर्जा यांनुसार ठरते. राज्याच्या अर्थसंकल्पानंतर दरांत फेरफार होत असतो, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेली रक्कम गृहीत धरून हिशेब मांडू नये. चालू अधिसूचनेची प्रत तालुका कार्यालयातून किंवा संकेतस्थळावरून घ्यावी आणि तीच प्रमाण मानावी.

जागा : इथेच निम्मी लढाई

भाडेकरार करण्यापूर्वी, अगदी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीसुद्धा, जागेभोवती एकदा टेप घेऊन फिरावे. शैक्षणिक संस्था आणि धर्मस्थळे यांपासून १०० मीटरच्या आत परवाना सामान्यतः मिळत नाही. शहरात हे मोजणे सोपे असते. गावात मात्र प्रत्येक वाड्यावर काही ना काही असते. देऊळ आणि चर्च सर्वांना दिसते, पण वळणावरचा खुरीस (क्रूस), वडाखालची घुमटी, राखणदाराचे स्थान, भाड्याच्या खोलीत भरणारी अंगणवाडी किंवा वर्षातून एकदाच उघडणारे कपेल (छोटे चर्च) नकाशावर घालायचे राहून जाते. त्यांपैकी कोणते स्थान नियमाच्या व्याख्येत बसते आणि कोणते नाही, हे ठरवणे अर्जदाराचे काम नाही. आपले काम एवढेच की शंभर-दीडशे मीटरच्या परिघातील प्रत्येक स्थान रेखाचित्रावर दाखवावे, अंतर मीटरमध्ये लिहावे आणि निरीक्षक पाहणीला आले की मोजणी कोणत्या दारापासून कोणत्या दारापर्यंत केली ते त्यांच्याकडून अहवालात नोंदवून घ्यावे. लपवलेली घुमटी नंतर हरकतदाराच्या अर्जात छायाचित्रासह उगवते आणि तेव्हा ‘मुद्दाम लपवले’ असा जो डाग लागतो तो अंतराच्या मुद्द्यापेक्षा जड ठरतो. सवलतीच्या तरतुदी आहेत असे कोणी सांगितले तरी त्यांच्या भरवशावर जागा घेऊ नये.

दुसरी मोजणी महामार्गाची. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा गोव्यातील हजारो परवानाधारकांची झोप उडाली होती. ३१ मार्च २०१७ रोजी २०,००० किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक क्षेत्रांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले, पुढे पालिका क्षेत्रे आदेशातून वगळली गेली आणि २०१८ साली पंचायत क्षेत्रांपैकी कोणती शहरी स्वरूपाची मानायची हे ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. तेव्हा जागा महामार्गालगत असेल तर ‘आता तो नियम नाही’ या तोंडी आश्वासनावर न थांबता त्या विशिष्ट पंचायत क्षेत्राबाबत अबकारी खात्याकडून लेखी खुलासा घ्यावा. रस्त्याची वर्गवारीही सार्वजनिक बांधकाम खात्याकडून पडताळावी, कारण गावातल्या ज्या रस्त्याला आपण ‘आतला रस्ता’ म्हणतो तो कागदोपत्री राज्य महामार्ग निघू शकतो.

तिसरा भाग मालकीचा, आणि गोव्यात तो इतर राज्यांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढला की त्यावर आजोबांचे नाव दिसते, पंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर वडिलांचे आणि वीजबिलावर चुलत्याचे. त्यातच पोर्तुगीज काळातील दस्तांवर कामत हे कामोतीं झालेले असतात आणि नाईक नायक झालेले असतात. अशा वेळी एकाच व्यक्तीची ही दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि मामलेदार कार्यालयातून मिळणारा दाखला ही दोन्ही आधीच करून ठेवावीत. वारसाहक्काची नोंद झालेली नसेल तर विशेष नोटरीपुढे वारसा दस्त करून फेरफार नोंदवणे हाच पक्का मार्ग आहे. सहमालक असतील तर प्रत्येकाची लेखी संमती हवी. परदेशी असलेल्या भावाचा मुखत्यारनामा येण्यास किती काळ जातो हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

गोव्याच्या नागरी कायद्यात विवाहानंतर मालमत्ता सर्वसाधारणपणे पती-पत्नी दोघांच्या समाईक हक्काची होते. म्हणून भाड्याने जागा घेताना मालक विवाहित असल्यास करारावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. केवळ घरमालकाची सही असलेला करार एखाद्या कौटुंबिक वादात क्षणात लुळा पडू शकतो.

घर मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर राहणाऱ्याचे, असेल तर अधिकच सावध राहावे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने दिलेले संरक्षण राहत्या घरासाठी आहे. त्या घराच्या पडवीत बार सुरू केल्यास भाटकाराला हरकतीसाठी आयते कारण मिळते. ज्याने घर रीतसर विकत घेऊन सनद मिळवली आहे त्याची गोष्ट वेगळी. कोमुनिदादीच्या (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जमिनीवरील बांधकाम असेल आणि कागद अपुरे असतील, तर माझे मत स्पष्ट आहे : त्या जागेत पैसा घालू नये.

उरतो तो इमारतीचा प्रश्न. जमीन शेतीची असेल तर जमीन महसूल संहितेखालील रूपांतर सनद लागते, प्रादेशिक आराखड्यात किंवा नियोजन क्षेत्राच्या बाह्य विकास आराखड्यात ती कोणत्या विभागात दाखवली आहे ते नगर नियोजन खात्याच्या विभाग दाखल्यावरून कळते आणि भोगवटा दाखल्यावर वापर निवासी आहे की व्यापारी हेही पाहावे लागते. पंचायतीने दिलेला घर क्रमांक आणि भरलेली घरपट्टी म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा, हा आपल्याकडचा एक जुना आणि महागात पडणारा गैरसमज आहे. कर पंचायत अनधिकृत बांधकामावरही घेते. समुद्र किंवा नदीकाठच्या जागेला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात आणि तिथे गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यता पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. किनाऱ्यावरील शॅकची (तात्पुरत्या खाणावळींची) पद्धत पूर्णपणे निराळी आहे. शॅक पर्यटन खात्याच्या धोरणानुसार हंगामापुरते वाटप होतात आणि अबकारी परवाना त्या वाटपाच्या मागून येतो.

पंचायत किंवा पालिका, आणि बाकीचे दाखले

जागेचे कागद जुळले की व्यापार परवान्यासाठी पंचायत क्षेत्रात पंचायतीकडे आणि शहरात पालिकेकडे अर्ज करावा. पंचायतीत अर्ज सचिवाकडे जातो आणि पंचायत मंडळाच्या पंधरवड्याच्या बैठकीत ठरावासाठी मांडला जातो. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये, आणि बैठक झाल्यावर ठरावाची प्रमाणित प्रत मागावी; ‘सरपंचांनी हो म्हटले आहे’ याला फाइलमध्ये जागा नसते.

ग्रामसभेचा मुद्दा येथे येतो. गोव्यातल्या ग्रामसभा सक्रिय असतात आणि नव्या बारचा विषय आला की रविवारची सकाळ चांगलीच तापते. कायद्याने प्रत्येक बारसाठी ग्रामसभेची मान्यता लागतेच असे नाही, तरी ग्रामसभेत विरोधी ठराव झाला तर पंच पाऊल मागे घेतात हे वास्तव आहे. वाड्यावरच्या लोकांना आधी भेटून पार्किंग कुठे होणार, रात्री किती वाजता बंद होणार आणि संगीत वाजणार का हे प्रामाणिकपणे सांगणारा अर्जदार पुष्कळदा हरकतीविना पार पडतो. पंचायतीने अर्ज फेटाळला किंवा उत्तरच दिले नाही, तर पंचायत संचालनालयाकडे अपिलाची वाट आहे. त्यासाठीच ती पोच आणि ठरावाची प्रत.

या टप्प्यावर आणखी काही दाखले समांतर चालू ठेवता येतात. भागातील आरोग्य केंद्राचा स्वच्छताविषयक ना हरकत दाखला, अन्न व औषध प्रशासनाकडून अन्न सुरक्षा परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, पर्यटकांना सेवा देणार असाल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालील नोंदणी आणि साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, ही त्यांतील मुख्य. अन्न सुरक्षा परवाना जेवणासाठीच लागतो असे समजू नये. मद्यही अन्न सुरक्षा कायद्याच्या कक्षेत आहे आणि २०१८ पासून त्यासाठी स्वतंत्र मानके आहेत. प्रदूषण मंडळ सांडपाण्याची व्यवस्था विचारते, म्हणून सोकपिट (पाणी जिरवण्याचा खड्डा) आणि ग्रीस ट्रॅप (तेलकट घाण अडवणारी टाकी) नकाशावर असावेत.

कराच्या बाबतीत एक घोळ नेहमी दिसतो. पिण्याची दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, त्यामुळे जेवणासाठी जीएसटी आणि दारूसाठी गोव्याचा मूल्यवर्धित कर अशा दोन नोंदण्या ठेवाव्या लागतात. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी दोन्ही रकाने वेगळे करून घ्यावेत.

अबकारी खात्यात अर्ज

आता तालुक्याच्या अबकारी कार्यालयाची पाळी. अर्ज गोवा ऑनलाइन या सरकारी पोर्टलवरून करता येतो, परंतु मूळ कागद पडताळणीसाठी सोबत न्यावे लागतातच. अर्जदाराची ओळख आणि रहिवास, जागेच्या मालकीचा किंवा भाड्याचा दस्त, मालकाची संमती, भोगवटा दाखला, व्यापार परवाना, आरोग्याचा दाखला, जागेचा आराखडा आणि परिसराचे अंतर दाखवणारे रेखाचित्र हा फाइलचा गाभा. भागीदारी किंवा कंपनी असल्यास तिचा दस्त आणि परवाना कोणाच्या नावे घ्यायचा त्याचा ठराव जोडावा.

आराखड्याकडे विशेष लक्ष द्यावे. परवाना व्यक्तीला मिळतो तसाच तो विशिष्ट जागेला मिळतो, आणि ती जागा म्हणजे आराखड्यात लाल रेषेने दाखवलेले क्षेत्र. काउंटर, साठ्याची खोली, बसण्याची जागा, स्वयंपाकघर, शौचालये, दोन्ही दारे हे सर्व मापांसह दाखवावे. पावसाळ्यानंतर अंगणात टेबले टाकायची इच्छा असेल तर ते अंगण आताच आराखड्यात घ्यावे. नंतर रेषेबाहेर टेबल दिसले की तो अटभंग होतो. वास्तविक ही गोष्ट पाच मिनिटांच्या विचाराची आहे, पण नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगतच नाही.

यानंतर अबकारी निरीक्षक जागेची पाहणी करतात. त्या दिवशी अर्जदाराने स्वतः हजर राहावे, एजंटाला एकटे पाठवू नये. निरीक्षक अंतर मोजतात, शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकतात, जागेला निवासी भागाशी जोडणारे आतले दार आहे का ते पाहतात. घराच्याच एका भागात बार असेल तर हे दार हमखास अडचणीचे ठरते. ते कायमचे बंद करून छायाचित्र फाइलला जोडावे. पाहणीचा अहवाल अबकारी आयुक्तांकडे जातो, त्रुटी असल्यास लेखी कळवल्या जातात, आणि मंजुरी आली की शुल्क भरून परवाना हाती येतो. त्रुटीचे पत्र आले तर तुकड्यातुकड्याने उत्तर न देता सर्व मुद्द्यांचे एकच क्रमवार उत्तर द्यावे. बराच काळ हालचाल नसेल तर माहिती अधिकाराखाली फाइलची सद्यःस्थिती आणि टिप्पण्यांच्या प्रती मागता येतात. त्याला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज नाकारला गेल्यास कारणांसह लेखी आदेश मागावा, कारण पुढचा प्रत्येक उपाय त्या आदेशावरच उभा राहतो.

परवाना हाती येण्यापूर्वी माल भरणे, फलक लावणे किंवा ‘ओळखीच्यांसाठी’ उद्घाटनाची पार्टी करणे टाळावे.

संगीत : ज्याचा परवान्याशी संबंध नाही

अबकारी परवाना मिळाला म्हणजे गाणी वाजवता येतात, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दारूचा परवाना आणि ध्वनीची परवानगी या दोन पूर्णतः वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत हणजूण-वागातोरच्या पट्ट्यात आस्थापनांवर जी कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात जी प्रकरणे गाजली, त्यांच्या मुळाशी बहुतांशी आवाज होता.

लागू होतात ते ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. अपवाद आहे तो बंदिस्त जागेचा, म्हणजे सभागृह, परिषद कक्ष, मेजवानीचे दालन अशा जागांचा. पत्र्याचे छप्पर आणि तीन बाजू मोकळ्या असलेला मांडव ही बंदिस्त जागा नव्हे, मग भोवती कितीही पडदे लावा. दिवसा निवासी भागात ५५, व्यापारी भागात ६५ आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० डेसिबलची मर्यादा आहे. रात्री ती अनुक्रमे ४५, ५५ आणि ४० होते. खासगी जागेच्या हद्दीवर आपल्या यंत्रणेचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये.

सणासुदीला रात्री १२ पर्यंत वाजवण्याची जी सवलत आहे तिच्याविषयी फार गैरसमज आहे. वर्षातून कमाल १५ दिवसांपुरती ही सवलत राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी देऊ शकते आणि ते दिवस सरकारच ठरवते. प्रत्येक हॉटेलला स्वतःचे पंधरा दिवस वाटून दिलेले नाहीत. ‘आमचे अजून नऊ दिवस शिल्लक आहेत’ असे सांगणारा व्यवस्थापक पोलिसांपुढे हसे करून घेतो.

खुल्या जागेत ध्वनिक्षेपकासाठी जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत जागेचा नकाशा, कार्यक्रमाचा दिवस आणि वेळ, ध्वनिक्षेपकांची संख्या, स्थानिक पोलीस ठाणे व पंचायत यांचे दाखले जोडावेत आणि कार्यक्रमाच्या पुष्कळ आधी अर्ज द्यावा. नाटक, ऑर्केस्ट्रा, डीजे असा तिकीट लावून सार्वजनिक कार्यक्रम असेल तर त्याची वेगळी परवानगीही याच कार्यालयाकडून समजून घ्यावी.

यंत्रणा बसवतानाची एक व्यावहारिक सूचना. मीटरवर जो आकडा येतो तो मानवी कानाला अनुसरून मोजलेला असतो आणि त्यात खोल, घुमणाऱ्या बासचा वाटा कमी धरला जातो. परिणामी मीटर मर्यादेत असतो, तरी पलीकडच्या घरातल्या खिडकीची तावदाने थरथरतात आणि आजीची झोप मोडते. शेजाऱ्याची तक्रार बासची असते. म्हणून सबवूफर भिंतीपासून सुटा ठेवावा, ध्वनिक्षेपकांची तोंडे आतल्या बाजूला वळवावीत, ॲम्प्लिफायरला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणारे उपकरण) बसवून त्याचा कुलूपबंद कप्पा डीजेच्या हाती न देता मालकाने स्वतःकडे ठेवावा, आणि रात्री हद्दीच्या चारही कोपऱ्यांवरचे आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहावेत. तक्रार झाल्यावर ही वही वकिलाच्या लांबलचक उत्तरापेक्षा उपयोगी पडते.

याखेरीज हक्कांचा प्रश्न आहे. ध्वनिमुद्रित गाणे सार्वजनिक जागी वाजवायचे तर ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे आणि त्यातील शब्द-संगीताचा हक्क दुसऱ्याकडे असतो. पहिल्यासाठी पीपीएल, दुसऱ्यासाठी आयपीआरएस अशा हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून संबंधित परवाने घ्यावे लागतात. मोबाइलवरील गाण्यांच्या ॲपची वैयक्तिक वर्गणी बारमध्ये वाजवण्यासाठी पुरेशी नाही. स्थानिक गायकाने गिटारवर दुसऱ्याचे गाणे म्हटले तरी शब्द-संगीताच्या हक्काचा मुद्दा राहतोच. विवाहाशी निगडित समारंभांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, परंतु तिच्या व्याप्तीवरून वाद झाले असून त्यासंबंधीचे गोवा सरकारचे परिपत्रक उच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द केले. सभागृह भाड्याने देणाऱ्याने ही जबाबदारी कोणाची, हे बुकिंगच्या करारातच लिहून घ्यावे.

आग

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला आणि त्यांतील बहुसंख्य तिथलेच कर्मचारी होते. अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाचा दाखला हा फाइलमधला एक कागद म्हणून न पाहता जागेची मांडणीच त्याभोवती करावी. बाहेर पडण्याच्या दोन वेगळ्या वाटा हव्यात आणि त्यांपैकी एकही स्वयंपाकघरातून जाणारी नसावी. दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत, गर्दीच्या रात्री त्यांच्यासमोर बीअरचे क्रेट रचलेले नसावेत. झावळ्या, बांबू आणि कापडी छत दिसायला सुंदर, पण पेटायला काही क्षण पुरतात. अशा छताखाली फुलबाजीचा एकही प्रकार चालू देऊ नये. तळघरात काम करणाऱ्या माणसांना वर येण्याची दुसरी वाट आहे का, हा प्रश्न दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने विचारण्याआधी मालकाने स्वतःला विचारावा.

एका दिवसाचा परवाना

लग्न, वाढदिवस किंवा फेस्तानिमित्त (चर्चच्या उत्सवानिमित्त) सभागृहात वा अंगणात दारू द्यायची असल्यास अबकारी खात्याकडून प्रासंगिक परवाना घ्यावा. अर्ज तालुका कार्यालयात, तारीख, वेळ, जागा आणि अंदाजे पाहुण्यांची संख्या लिहून. माल परवानाधारक दुकानातूनच घ्यावा आणि पावत्या समारंभ संपेपर्यंत हाताशी ठेवाव्यात. जत्रेतील किंवा फेस्ताच्या फेरीतील तात्पुरत्या ठेल्यासाठीही विनापरवाना विक्री चालत नाही.

परवाना मिळाल्यानंतर

गोव्यात कायद्याने ठरवलेल्या किमान वयाखालील व्यक्तीला दारू विकता येत नाही. चेहरा पाहून वय ठरवण्याची सवय नोकरांना लावू नये. शंका आली की ओळखपत्र मागावे आणि नकार देताना मालक आपल्या पाठीशी आहे हे नोकराला माहीत असावे. परवाना आणि दरपत्रक दर्शनी भागी लावावे, साठ्याची नोंदवही त्याच दिवशी भरावी. ठरलेल्या वेळेनंतर बार चालू ठेवायचा असेल तर जादा शुल्क भरून तशी परवानगी घ्यावी लागते, आणि तिचा संगीताच्या वेळेशी काही संबंध नाही. मतदान संपण्याच्या वेळेपर्यंतचे ४८ तास लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मद्यविक्री बंद असते. पंचायत आणि पालिका निवडणुकांच्या वेळी स्वतंत्र आदेश निघतात, त्यांवर लक्ष ठेवावे. किनाऱ्यावर उघड्यावर पिणाऱ्यांना पर्यटन स्थळांच्या कायद्याखाली दंड होतो; २०१९ साली तो एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये असा ठरला होता, २०२५ मध्ये तो वाढवला गेला. बाटली घेऊन वाळूवर निघालेल्या गिऱ्हाइकाला हे सांगणे दुकानदाराच्याही हिताचे आहे.

परवाना भाड्याने देणे हा आपल्याकडचा उघड गुपितासारखा चालणारा व्यवहार आहे. नाव गावातल्याचे, धंदा बाहेरच्याचे आणि महिन्याला ठरावीक रक्कम. खात्याच्या मंजुरीवाचून केलेला असा व्यवहार अटभंग ठरतो. आग लागली, मारामारी झाली किंवा अल्पवयीन मुलाला दारू दिली तर नोटीस ज्याच्या नावावर परवाना आहे त्यालाच येते, तो त्या रात्री म्हापशात असो वा मस्कतमध्ये.

परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी खात्याला ताबडतोब लेखी कळवावे, मृत्यूचा दाखला आणि वारसा दस्त जोडून नाव बदलण्याचा अर्ज द्यावा आणि इतर वारसांच्या संमती घ्याव्यात. मृताच्या नावे नूतनीकरण करत राहणे ही साधी विसर म्हणून खपत नाही. गोव्यात अशा प्रकरणांवरून राजकीय वादळे उठलेली आहेत.

अबकारी वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालते. नूतनीकरणासाठी व्यापार परवाना, अन्न सुरक्षा परवाना, अग्निशमन दाखला आणि प्रदूषण मंडळाची संमती या सर्वांच्या मुदती चालू असाव्या लागतात, आणि प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या महिन्यात संपते. डिसेंबर-जानेवारीचा हंगाम डोक्यावर असताना हे कागद आठवत नाहीत, म्हणून सर्व तारखांचा एक तक्ता काउंटरमागे चिकटवावा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात थकलेले दाखले नूतनीकरणास द्यावेत आणि अबकारी शुल्क मार्च संपण्यापूर्वी भरून त्याची पावती परवान्यासोबतच लावावी.